उजवीकडचा खेळाडू

१

प्लास्टर वाळायला जो वेळ लागतो ना, तो माणसाच्या काही कामाचा नसतो. झोप काढायची म्हटली तर पुरत नाही, नुसतं बसायचं म्हटलं तर संपत नाही. धाकटा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं, म्हणजे हिरड्यांचे साचे, पाठवायचे, धाकटा त्या मापांत प्लास्टर ओतायचा आणि ते घट्ट होईपर्यंत हात धुऊन बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचा. वय पन्नाशीला टेकलं होतं, पण गल्लीत, दवाखान्यांत, नातेवाइकांत सगळ्यांचा तो धाकटाच. कारण घरात दादा होता.

लॅपटॉपवर तो मारामारीचे खेळ खेळायचा. जुन्या धाटणीचे, चौकोनी ठिपक्यांची माणसं असलेले, फुकटचे. काही उतरवून घ्यायचं नाही, कुठे नाव नोंदवायचं नाही. पान उघडायचं की दे दणादण. या विषयात धाकट्याचा अभ्यास दांडगा होता. कुठल्या खेळात कळ दाबल्यावर लाथ उशिरा निघते, कुठल्यात दर डावानंतर साबणाची जाहिरात बोकांडी बसते, कुठल्यातली वेणीवाली बाई कोपऱ्यात उभी राहून नुसता गुडघा मारत राहिली तरी जिंकते, सगळं त्याला तोंडपाठ. बायको टपाल कचेरीतून आली की म्हणायची, "अहो, एवढं लक्ष संसारात घातलं असतंत तर!"

"संसारात पुन्हा पहिल्यापासून खेळायची सोय कुठाय?" धाकटा म्हणायचा.

त्यातला एक खेळ त्याच्या मनात बसला होता. दिसायला अगदीच दरिद्री. एक खोली, मागे खिडकी, समोरासमोर दोन माणसं. डावीकडच्याची विजार लाल, उजवीकडच्याची पांढरी. संगणकाविरुद्ध खेळलं की पांढरा धाकट्याची यथेच्छ धुलाई करायचा. मग धाकट्यानं एक युक्ती काढली, आणि ती काही चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. तो 'दोन खेळाडू' निवडायचा. डावीकडच्या अक्षरांवर लाल चालायचा, उजवीकडच्या बाणांवर पांढरा. बाणांवर कोणीच बसलेलं नसायचं. पांढरा आपला हात खाली सोडून उभा. धाकटा मग त्याला मारायचा. घाई नाही, आरडाओरडा नाही, अगदी मन लावून, प्लास्टर वाळेपर्यंत.

मागच्या खोलीत दादा पडलेला असायचा. त्याची झोपमोड नको म्हणून धाकटा खेळाचा आवाज बंद ठेवायचा.

२

दादा म्हणजे शाळेतले पीटीचे सर. शिट्टी वाजली की अख्खं मैदान चिडीचूप. वडील लवकर गेले तेव्हा दादानं धाकट्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं, धंद्याला लावलं, स्वतः लग्न केलं नाही. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. आणि ते खरंच होतं. धाकट्याची पंचाईत तीच होती, कारण अशा माणसाची तक्रार करायची तरी कोणाकडे?

दादाचा एक नियम होता. जो हरेल त्याच्या दंडावर बुक्का. पत्ते असोत, पळणं असो, पाढे असोत, कोपऱ्यावरच्या दुकानातला नाणं टाकून खेळायचा मारामारीचा खेळ असो. दादा हसत हसत बुक्का घालायचा आणि विचारायचा, "लागलं? लागलंच पाहिजे. त्यानंच माणूस तयार होतो." धाकटा जन्मात एकदाही जिंकला नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तो पत्त्यांत हरला होता, आणि लग्नाच्या फोटोत त्याचा एक हात जरा अवघडलेलाच दिसतो.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढा धिप्पाड माणूस लोखंडी खाटेवर आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. धाकट्यानं त्याला आपल्याकडे आणलं. अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, चमच्यानं भरवणं, सगळं तोच करायचा. बायको दिवसभर बाहेर, त्यामुळे दुपारी घरात दोघंच.

अशाच एका दुपारी लालनं पांढऱ्याच्या दंडावर लाथ घातली आणि मागच्या खोलीतून आवाज आला. "हं."

फार मोठा नाही. जड पिशवी उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तेवढाच. धाकट्यानं मान वर केली. पंख्याची टकटक, शेजाऱ्यांच्या नळाची धार, बाकी काही नाही. दादा कूस बदलायला बघत असेल, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. मग आठवलं, दादाला कूस बदलता येत नाही.

त्यानं पुन्हा लाथ मारली. "हं." पुन्हा. "हं." मग तो थांबला, आणि आवाजही थांबला. हे बघा, योगायोग म्हणून एक गोष्ट असते, आणि धाकटा काही खुळा नव्हता. त्यानं एकदम न मारता जरा वेळ जाऊ दिला, खिडकीबाहेर बघितलं, आणि मग सहजच, जणू स्वतःलाही कळू नये असं, बोट कळीवर टेकवलं.

"हं."

तो उठून आत गेला. दादा छताकडे बघत होता. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार कानापर्यंत आली होती. पण तो डोळा नेहमीच पाझरायचा. धाकट्यानं टॉवेलानं ते पुसलं, चादर सारखी केली आणि परत येऊन प्लास्टर बघितलं. ते केव्हाच वाळलं होतं.

३

एका दिवसाआड सकाळी फिजिओबाई यायच्या. वयानं लहान, स्वभावानं बडबड्या, आणि हात असा घट्ट की मेलेल्या माणसालाही बसता करतील. त्या दिवशी दादाची बाही वर सरकवून त्या म्हणाल्या, "हे काय झालं हो दंडाला?"

उजव्या दंडावर काळानिळा डाग होता. लिंबाएवढा.

"वळवताना खाटेचा दांडा लागला असेल," धाकटा म्हणाला.

"असेल काय? लागलाय! जरा जपून वळवत जा. बोलता येत नाही म्हणून त्यांना दुखत नाही असं नाही."

बायको दारात डबा घेऊन उभी होती. जाताना तिनं दादाच्या केसांवरून हात फिरवला. आता हा खेळ बंद, त्यानं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं. आणि त्याच दुपारी प्लास्टर ओतल्यावर त्याला वाटलं, पण खात्री तर करायला हवी. एका डागावरून काय ठरतं?

खात्री करायची म्हणून त्यानं त्या दुपारी फक्त खाली लाथा मारल्या, पांढऱ्याच्या डाव्या मांडीवर. मारता मारता त्याच्या लक्षात आलं की पांढऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त खाली लोंबतोय. ठिपक्यांची माणसं ती, त्यांना कसला हात लोंबायला? आधीपासून तसाच असेल, आपणच नीट बघितलं नसेल. डाव संपल्यावर तो आत गेला आणि दादाचं पांघरूण बाजूला केलं. डाव्या मांडीवर डाग उठत होता. त्याच्या डोळ्यांदेखत उठत होता, आधी लाल, मग कडेनं जांभळा.

आता इथे एखाद्या भल्या माणसाची पाचावर धारण बसली असती. धाकट्याचीही बसली, नाही असं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला, घोटभर पाणी प्यायला. पण पाणी पिऊन झाल्यावर त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं चमच्यानं दादाला मऊ भात भरवला. ओठाच्या कडेला आलेलं शीत बोटानं टिपलं, आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाला, "लागलं का रे दादा? लागलंच पाहिजे."

त्यानंतर तो रोज खेळला. डाग कपड्यांखाली राहतील अशा बेतानं खेळायचा. दंड वर्ज्य, कारण फिजिओबाई बाही वर करतात. बरगड्या, पाठ, मांडीची मागची बाजू. एखाद्या दुपारी काम नसलं, तरी तो थोडं प्लास्टर उगाच भिजवायचा.

४

आणि मग पांढऱ्यानं हात वर केला.

लाल पुढे सरकला, ठोसा उगारला, आणि पांढऱ्याचा तो लोंबता उजवा हात उठून तोंडासमोर आला. ठोसा त्या हातावर बसला. धाकट्यानं दोन्ही हात एकदम मागे घेतले. बाणांच्या कळांवर कोणी नव्हतं. कोण असणार? त्यानं लॅपटॉप उलटा करून झटकला. आतून प्लास्टरचे दोन-चार कण पडले. तरीच, तो मोठ्यानं म्हणाला. कण अडकले की कळ दाबलेली राहते. एवढ्याशा गोष्टीनं माणूस घाबरतो म्हणजे कमाल आहे. पण त्या दुपारी त्यानं पुन्हा खेळ उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेणात दात बसवत होता, तेवढ्यात फिजिओबाईंची आरोळी आली. "अहो, लवकर या! सगळे या! बोटं हलवली त्यांनी!"

दादाच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर आकसत होती, सैल होत होती. बायकोच्या हातातून पाण्याचं भांडं पडलं. ती तिथंच खाली बसून रडायला लागली, हसायलाही लागली, आणि धाकट्याचा हात धरून म्हणाली, "तुम्ही केलंत हो हे. तुम्ही केलंत!"

"खरंच, काय करता तुम्ही दुपारी?" फिजिओबाईंनी विचारलं. "मालिश करता? बोलता त्यांच्याशी? जे करताय ते मुळीच सोडू नका."

धाकटा हसला. हसणं भाग होतं. आज बोटं, उद्या हात, परवा जीभ. दादा बोलायला लागला की पहिल्यांदा काय बोलेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि तो बोलेल कोणासमोर? या बाईसमोर, जी आत्ता आपला हात डोळ्यांना लावून बसली आहे. धाकट्याला जगात दादाची भीती वाटायची आणि बायकोची लाज. त्या दोघांनी मिळून आपल्याकडे बघितलेलं त्याला सोसलं नसतं.

मग त्यानं दादाला पुन्हा निपचित पाडायचं ठरवलं. त्या दुपारी त्यानं पांढऱ्याला असं बडवलं की स्वतःचीच बोटं दुखून आली. डावावर डाव. पांढऱ्यानं अधूनमधून हात वर केला, पण धाकटा आता खालून मारत होता. प्लास्टर इतकं घट्ट झालं की मापातून निघेना. मागच्या खोलीतून "हं" "हं" येत राहिलं, आणि शेवटी शेवटी तर धाकट्याला वाटलं, हे कण्हणं नाहीच. मैदानावर जोर मारताना पोरं आकडे मोजतात, तसला ठेका आहे हा. पण कान वाजतात माणसाचे, एवढं मनाला लावून घेतल्यावर.

तिसऱ्या दिवशी दादानं उजवा गुडघा वाकवला. फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या.

५

दोन आणि दोन चार करायला धाकट्याला वेळ लागला, कारण त्याला ते चार नकोच होते. जास्त मारलं की दादा जास्त हलतो. एखाद्या दिवशी कमी मारलं की तो दिवसभर ओंडक्यासारखा पडून राहतो. हे त्यानं पुन्हा पुन्हा पडताळून बघितलं, आणि दर वेळी दुसरं काहीतरी कारण शोधलं. औषध बदललं म्हणून. हवा बदलली म्हणून. नसांना कधी जाग येईल याचा नेम नसतो, असं फिजिओबाईही म्हणाल्या होत्या.

मग एकदा दुपारी तो भरवत असताना दादाचे ओठ हलले. चमचा तसाच ठेवून धाकटा बघत राहिला. ओठ वाकडे झाले, जीभ आत कुठेतरी अडखळली, आणि शब्द बाहेर आला.

"अजून."

धाकट्याला वाटलं, घास हवाय. त्यानं चमचा पुढे केला. दादानं तोंड मिटून घेतलं. भात हनुवटीवरून खाली ओघळला. मग दादाचा डावा हात चादरीवरून सावकाश वर आला, छातीवरून पलीकडे गेला आणि उजव्या दंडावर, जुन्या डागावर थांबला. तिथं त्यानं बोटांनी दोनदा थापटलं.

"अजून," दादा म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. गयावया नव्हती. मैदानाला अजून दोन फेऱ्या मारा म्हणून पोरांना सांगताना जी नजर असायची, तीच नजर होती. धाकटा ती नजर तिसरीत असल्यापासून ओळखत होता.

म्हणजे इतके दिवस आपण याला मारत नव्हतोच. इतके दिवस आपण याची सेवाच करत होतो! तो आपल्याकडून व्यायाम करून घेत होता, खाटेवर पडल्या पडल्या, आणि आपण आपले खुशीत. धाकट्याच्या अंगाची लाही लाही झाली. एकदा, जन्मात एकदा आपण जिंकलो असं वाटलं होतं, तेही यानं काढून घेतलं.

त्यानं दादाची हनुवटी पुसली. ओला रुमाल, मग कोरडा. आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "दादा, तो खेळ मी सोडला. वाईट सवय ती. डोळे बिघडतात."

त्यानं खरंच सोडला. आणि दादा दिवसेंदिवस मागे गेला. आधी गुडघा, मग हात, मग बोटं. फिजिओबाई कपाळाला आठ्या घालून यायच्या आणि तशाच जायच्या. बायकोनं डोळे पुसत डॉक्टर बदलून बघितला. धाकट्यानं मात्र दादाची काळजी घेण्यात काही कमी ठेवलं नाही. चादरी रोज बदलल्या, अंगाला पावडर लावली, केस विंचरले, नखं कापली. अंगावर एक डाग राहिला नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, भाऊ असावा तर असा.

दुपारी प्लास्टर ओतलं की तो आता मागच्या खोलीत येऊन बसायचा. खाटेशेजारी खुर्ची, मांडीवर मिटलेला लॅपटॉप. दादा त्याच्याकडे बघायचा, आणि धाकटा खिडकीतून शेजाऱ्यांच्या भिंतीकडे. मग तो लॅपटॉपचं झाकण जरासं वर करायचा. पडद्याचा उजेड दादाच्या तोंडावर पडायचा, डावा हात थरथरत चादरीवरून उठायचा. हात दंडापर्यंत पोचला की धाकटा झाकण खाली करायचा. प्लास्टर वाळेपर्यंत असं चालायचं.

६

बायकोनं रजा घेतली होती. "आज दुपारी मी बघते दादांचं," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम उरका."

धाकटा कामाच्या खोलीत उभा होता. कोणा म्हातारीची खालची कवळी हातात, तिला घासून चकचकीत करायचं काम चाललं होतं. अंगावर राखाडी एप्रन. पलीकडे बोळ, बोळाच्या टोकाला दादाच्या खोलीचं उघडं दार. बायको आत काहीबाही बोलत होती, तिचं बोलणं त्याला तुटक तुटक ऐकू येत होतं.

"काय हवंय दादा? हे? लॅपटॉप? अगबाई, हा कशाला? बरं, बरं, आणते. हे घ्या. चित्र बघायचंय का काही?"

धाकट्याचे हात थांबले.

"खेळ होय! तुम्हाला खेळ बघायचाय! अहो, ऐकलंत का? दादांना तुमचा तो मारामारीचा खेळ हवाय. मला कुठला येतोय?" मग ती हसली. "दादा, तुम्हीच दाबताय की! डाव्या हातानं! दोन खेळाडू... बरं. आणि मी इकडच्या अक्षरांवर? माझा हात धरून शिकवतात बघा, सर कुठले!"

"अगं, राहू दे ते," धाकटा म्हणाला. म्हणायचं होतं मोठ्यानं, पण ते तिच्या हसण्यात बुडून गेलं. घाबरायचं कारण नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. मार खाणारा तिथं खाटेवर पडलाय. तिनं मारलं तर त्याला लागेल, तो हात हलवील, ती खूश होईल. फार तर एवढंच. ही गोष्ट वाईट होती, पण आजच्या आज काही कोसळत नव्हतं.

"लाल मी. आणि हा समोरचा कोण? काय? काय दाखवताय? बाहेर? कामाची खोली?" आणि बायको खदखदून हसली. दादा आजारी पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. "अहो! दादा म्हणतायत हा तुम्ही आहात! एप्रनसुद्धा आहे की याला, राखाडी! थांबा हां, आज बघतेच तुमच्याकडे!"

कळ वाजली. एवढीशी, टक्.

धाकट्याच्या दंडात काहीतरी घुसलं. कवळी हातातून सुटली, फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले. त्यानं दंड धरला. टक्. बरगड्या. श्वास बाहेर गेला तो परत येईना. रक्तदाब, त्याच्या मनात आलं. घराण्यातच आहे आमच्या. डॉक्टर म्हणालेच होते, तुम्हीही तपासून घ्या. टक्. उजवा गुडघा मागे गेला, ज्या बाजूला गुडघा जात नाही त्या बाजूला.

त्यानं बायकोला हाक मारली. तोंडाची एकच बाजू उघडली, आणि तिच्यातून निघालं ते फक्त "हं".

"काय मज्जा आहे हो यात!" ती आतून ओरडली. "हा नुसता उभाच राहतो. काही करतच नाही! तुम्ही उगाच म्हणायचात अवघड असतं म्हणून. दादा, बघा बघा, पडला! पडला!"

धाकटा फरशीवर पडला होता, गाल प्लास्टरच्या भुकटीत. तिथून बोळाच्या टोकाचं दार दिसत होतं, दारातून खाटेची कड आणि पडद्याचा एक कोपरा. त्या कोपऱ्यात राखाडी ठिपक्यांचं कोणीतरी आडवं होतं. त्याच्या वर लाल विजारीचा पाय उचललेला. बायकोच्या हातावर दादाचा हात होता, अलगद ठेवलेला. बायको कळ दाबत होती, टक् टक् टक्, आणि धाकट्याला काहीच लागत नव्हतं. जीव भांड्यात पडला. झटकाच होता तो, साधा झटका. आता ती येईल, बघेल, डॉक्टरला बोलावील.

"अगबाई, आता बसतच नाही लाथ! बिघडलं का काय हे?" बायको म्हणाली.

आणि मग दादा बोलला. स्वच्छ, खणखणीत, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा.

"पडलाय तोवर लागत नाही. उठू दे त्याला."

पाठोपाठ बायकोची किंकाळी, आनंदाची. "अहो! दादा बोलले! अख्खं वाक्य बोलले! ऐकलंत ना तुम्ही? अहो!" ती रडत होती. "उठू दे म्हणतात! बरं दादा, थांबते. तुम्ही म्हणाल तसं. आपोआप उठतो का हा? हो की! उठतोय, उठतोय!"

धाकट्यानं फरशीला नखं रोवली, गाल भुकटीत दाबून धरला, सगळं अंग खाली लोटलं. त्याचे गुडघे आपणहून पोटाशी वळले, तळवे फरशीवर टेकले, आणि पाठ वर यायला लागली.